एका कट्ट्याला एकदा

चादर कारखान्याचा बोनस मिळाला
आणि मी घरी आवाज आणला.
पाच छोटे स्पीकर, एक पोटफुगा वूफर,
नव्या पेठेतल्या बशीर मणियारकडून, सेकंडहँड.
“डॉक्टरांच्या बंगल्यातला आहे, वापरलाच नाही.”
विडी घरकुलातली आमची खोली दहा बाय बारा.
पुढचा एक फ्रिजवर, एक कपाटावर,
मधला टीव्हीखाली,
मागचे दोन खिळ्यांना, आईच्या डोक्यावर,
जिथं ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळते.

पहिल्या रात्री घोडे मागून आले.
आईनं वळून भिंतीकडे पाहिलं.
मग आवाज गेला.

गेला म्हणजे एक श्वास. दीड श्वास.
पडद्यावर माणूस नुसतं तोंड हलवतोय,
खोलीत कात्री, पंखा,
आणि पलीकडच्या गल्लीतले माग.
मग घोडे परत,
मधल्या चारपाच टापा गाळून.

मी वायरी काढल्या, फुंकल्या, पुन्हा खोचल्या.
एचडीएमआय बदलली, जाड आणली, सोनेरी टोकाची.
सेटिंगमध्ये शिरून डॉल्बी बंद केलं,
साधं करून पाहिलं, परत चालू केलं.
ॲम्प्लिफायर तापत असेल म्हणून
(सोलापुरात एप्रिलमध्ये काय तापत नाही)
टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.
आई घामानं निथळत राहिली, बोलली नाही काही.
बशीरला फोन लावला. म्हणाला, लोड असेल.
कसला लोड?
असतो, म्हणाला.

वडील जॉबर होते.
बंद पडलेल्या मागाशी ते आधी नुसते उभे राहायचे,
विडी अर्धी होईपर्यंत. हात नंतर लावायचे.
मला ते उभं राहणं आलं नाही,
मी टॉवेलच्या पॅकिंगला आहे.

नवव्या रात्री मी रिमोट गादीवर आपटला.
“कधीही जातो! नेमच नाही त्याला.”
आई पानाचं टोक नखानं दुमडत होती.
“नेम आहे की.
एका कट्ट्याला एकदा.”

काय?

“कट्टा भरला की जातो. इरवै ऐदु झालं, की गेला.
मी आता बोटं मोजतच नाही.”
आई मोजते तेलुगूत, रागावते मराठीत,
आणि हे तिनं दोन्हींच्या मधल्या आवाजात सांगितलं,
नळाला पाणी कधी येतं ते सांगावं तसं.

मी टीव्हीकडे पाठ करून तिच्यासमोर बसलो.
पान, जर्दा, गुंडाळी, दोरा, टोक.
पान, जर्दा, गुंडाळी.
मागे कुणीतरी कुणाचा तरी खून करत होतं,
सगळ्या बाजूंनी, अगदी स्वच्छ.
इरवै मूडु.
इरवै नालुगु.
दोरा ओढला तिनं,
आणि कोपऱ्यात फ्रिजनं अंग झटकलं, टक,
आणि आवाज गेला.

एकाच बोर्डावर सगळं:
फ्रिज, टीव्ही, ॲम्प्लिफायर, माझा चार्जर,
देवाचा लाल दिवा.
नऊ रात्री मी सोनेरी टोकं पुसत होतो.

फ्रिज आता मोरीजवळच्या सॉकेटला.
मोरीचं दार अर्धंच उघडतं,
आत जाताना पोट आवळावं लागतं.
पण घोडे येतात ते शेवटपर्यंत येतात,
मागून पुढं, आईच्या डोक्यावरून, एकही टाप न गाळता.

काल कारखान्यातून ती छाट घेऊन आली नाही,
तरी तोंड उतरलेलं.
सूप भिंतीला टेकवून म्हणाली,
“चेकरनं कट्टे सोडून पाहिले.
एकात सत्तावीस, एकात एकोणतीस.
हसत होता मेला.”

मी आवाज कमी केला.
“कमी नको करू,” म्हणाली,
आणि मोठ्यानं मोजायला लागली. ओकटी, रेंडु.